सिस्टर बसल्या आहेत

वलवणच्या त्या घरात आईचे एकूण एकोणीस फोटो होते. त्यांपैकी चौदांमध्ये ती उभी होती. तीनमध्ये वाकलेली होती: एकात कुणाच्या तरी बाळाला पोलिओचा डोस पाजताना, एकात पंगतीत भात वाढताना, आणि एकात नुसती पाठ दिसत होती, पण साडीवरून ती आईच. एका फोटोत ती चालत होती, त्यामुळे तिचा चेहरा पुसट आला होता आणि मागची भिंत स्वच्छ आली होती. उरलेला एक मतदार ओळखपत्रावरचा. त्यात फक्त मान आणि डोकं असल्यामुळे खाली आई बसली आहे की उभी, हे खात्रीने सांगता येत नव्हतं. तिलाच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "उभीच असेन. रांग होती."

मोजणी प्रज्ञेशने केली. तो रसायनशास्त्राचा पदवीधर, आंबीच्या एका फरसाणाच्या कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला. दारात आलेल्या तेलाच्या प्रत्येक टँकरमधून नमुना काढायचा, तो तपासायचा आणि मगच टँकर आत सोडायचा, हे त्याचं काम. जे मोजता येत नाही त्यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि जे मोजता येतं ते मोजल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. आई, म्हणजे सविताताई, आरोग्यसेविका. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर लसीची पेटी खांद्याला लावून तिने सगळी नोकरी पायांवर काढली होती. ऑगस्टअखेर ती निवृत्त होणार होती. निरोपसमारंभासाठी तिचा एखादा चांगला फोटो शोधून ठेव, असं वडिलांनी सांगितलं, म्हणून ही मोजणी निघाली. वडील सुहासराव रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून बसलेलेच होते. घरातली बसण्याची सरासरी त्यांच्यामुळे ठीक यायची.

एकोणीस फोटो चटईवर मांडून प्रज्ञेश बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने ठरवलं की आईचं तैलचित्र काढायचं. पुढच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, वेताच्या खुर्चीत बसलेली आई. आणि हातात काही नाही. डबा नाही, लाटणं नाही, सुई नाही, रजिस्टर नाही. हातात काही नसलेली आई त्याने स्वतःही कधी पाहिली नव्हती, त्यामुळे हे चित्र काढल्याशिवाय ती दिसणार कशी, असा त्याचा मुद्दा होता.

चित्रकलेचा अनुभव म्हणाल तर कॉलेजात असताना त्याने जलरंगात दोन वेळा लोहगड काढला होता आणि तैलरंगात एकदा चार वांगी. वांगी बरी आली होती. वांग्यात आणि आईत फरक एवढाच, की वांगी जागची हलली नव्हती, आणि हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. पण विचार बदलायला सवड मिळाली नाही. त्याच संध्याकाळी सुहासरावांनी 'वलवण मित्र परिवार' या ग्रुपवर टाकलं: 'चि. प्रज्ञेश निरोपसमारंभात मातोश्रींना स्वहस्ते काढलेले भव्य तैलचित्र अर्पण करणार आहे. जय भीम.' खाली बेचाळीस अंगठे आले. 'भव्य' हा शब्द प्रज्ञेशला कॅनव्हास विकत घेतल्यावर वाचायला मिळाला.

तैलचित्र म्हटलं की तेल आलं. नळीतला रंग सैल करायला जवसाचं तेल लागतं, आणि बाजारातल्या डब्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेलं असतं, एवढ्यावर विसंबणारा तो माणूस नव्हता. कामशेतला जाऊन त्याने लाकडी घाण्याचं जवसाचं तेल डोळ्यांसमोर काढून घेतलं आणि काचेच्या बाटलीत भरून स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या फळीवर ठेवलं.

"खायचं तेल फळ्याला फासणार?" आई म्हणाली.

"फासणार नाही आई. ते माध्यम आहे."

"बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टर म्हणतात जवस द्या, आणि तू फळ्याला पाजतोयस."

रात्री जेवताना त्याने सगळ्यांना तेलाचं शास्त्र समजावून सांगितलं. पाणी वाळतं तसं तेल वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्याची पापडी धरते. कुठलं तेल पापडी धरेल हे त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळतं. जवसाचं मूल्य एकशेसत्तर ते दोनशे, म्हणून ते छान सुकतं. शेंगदाण्याचं पंच्याऐंशी ते शंभर. ते आयुष्यात सुकत नाही, वर्षभर ठेवा, बोटाला लागणारच. सुहासरावांनी "असं का," म्हणून कढी ओरपली. आई तेव्हा गरम भाकरी आणायला आत गेली होती. जेवताना ती कायम आतच गेलेली असायची.

आईबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिला रिकामं भांडं बघवत नसे. अर्धा भरलेला माठ, तळाला गेलेली साखर, अर्धी काडेपेटी, यातलं काही दिसलं की ते काठोकाठ भरून ठेवल्याशिवाय तिचा हात थांबत नसे. वाडीवर लस कमी पडली आणि एखादी बाई लेकरू घेऊन परत गेली, असं तिच्या नोकरीत एकदाही घडलं नव्हतं, असं तिची वरिष्ठ मंडळीही सांगायची.

तर आई बसायला तयार झाली. शिल्लक रजा संपवा, असा कार्यालयाचा तगादा होताच. पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता, हिरवी साडी नेसून, ती वेताच्या खुर्चीत बसली. प्रज्ञेशने खुर्चीच्या पायांभोवती, तिच्या पावलांभोवती आणि टीपॉयभोवती खडूने खुणा केल्या, म्हणजे रोज सगळं जागच्या जागी येईल. पेन्सिलने डोकं आखलं. तेवढ्यात खिडकीत शेजारच्या नंदाबाई दिसल्या. नंदाबाई मूळच्या वलवणच्याच, शेतकरी घरातल्या. दोन म्हशी, भाड्याने दिलेल्या तीन खोल्या आणि सगळ्या आळीची खबरबात एवढा त्यांचा पसारा.

"सविताताई, का गं बसलीस?"

"प्रज्ञेश चित्र काढतोय."

"त्यो काढतोय त्ये दिसतंय. पर तू बसलीस का?"

"चित्रासाठीच बसलेय, नंदाताई."

"बरं," नंदाबाई म्हणाल्या, आणि ज्या स्वरात म्हणाल्या त्यावरून प्रज्ञेशने ओळखायला हवं होतं. चारच्या आत आळीभर झालं की नर्सबाई रजा काढून दिवसाढवळ्या खुर्चीत बसल्यात, तोंडातून अवाक्षर काढत नाहीत, आणि पोरगा समोर बसून तोंडाकडं बघत राहिलाय. सविताताईंना अकरा वाजता बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे आजार साधा नाही, हे सगळ्यांनी आपापलं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. केळी आली, नारळपाणी आलं, ग्लुकोजची बिस्किटं आली. कुणी आलं की आई उठायची, चहा टाकायची, आणि आजारी बाईने केलेला चहा पिऊन लोक तिला विश्रांती घ्यायला सांगायचे. मग कप विसळून ती परत येऊन बसायची, तोवर उजेड खिडकीच्या दुसऱ्या अंगाला गेलेला असायचा. शिवाय लोक येतात म्हणून ती खोली रोज आवरायची. टीपॉय भिंतीला, घड्याळ दुसऱ्या खिळ्याला, टीव्हीवर धुतलेलं कापड. खडूच्या खुणा तिने तिसऱ्या दिवशी फिनाइल घालून पुसल्या. "कुणीतरी जमिनीवर काहीतरी आखून ठेवलं होतं," ती म्हणाली.

साडीचंही तसंच. हिरवी धुवायला पडली आणि पावसात ती पाच दिवस वाळली नाही, तोवर निळी आली. प्रज्ञेशने निळी रंगवली. मग हिरवी वाळली.

एका सकाळी वरच्या वाडीवरून येसूबाई आल्या. हातात कोंबडी होती, पाय बांधलेली, पण सैल बांधलेली.

"नर्सबाई, माजी तिनी बाळंतपणं तुमी केलीत. आता तुमाला काय झालंय त्ये मला सांगा."

"काही झालं नाही येसूबाई. अगदी ठणठणीत आहे."

"माजं मालक बी असंच म्हनायचं," येसूबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. पदर लावायला हात लागतो, म्हणून कोंबडी खाली ठेवली. ती प्रथम रंगांच्या ताटलीतून गेली, मग भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या खालच्या कोपऱ्यावरून. मागाहून प्रज्ञेशने तिच्या पावलांची सतरंजीवरची नक्षी केली. त्या चित्रातला सर्वांत मोकळ्या हाताने झालेला भाग तोच, असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं.

आता चेहरा. चेहऱ्यावर मत नाही असा माणूस आळीत नव्हता. ज्यांना आईचं नाव माहीत नव्हतं त्यांनाही तिचं नाक माहीत होतं. नंदाबाई रोज खिडकीतून तपासून जात.

"ह्ये नाक हिचं न्हाई. ह्ये तुज्या आत्याचं नाक हाय."

प्रज्ञेशने नाक खरवडून पुन्हा काढलं. "आता तुज्या मामाचं झालं," नंदाबाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतीच मान हलवली आणि म्हशीकडे गेल्या. तेव्हा त्याने कारखान्यातून व्हर्नियर कॅलिपर आणला आणि आईचं नाक मोजलं. सुहासराव वर्तमानपत्राच्या वरून बघत होते. "हे पोरगं मुलगी बघायला जाईल तेव्हा मी बरोबर येणार नाही," एवढंच ते म्हणाले.

सुहासरावांची स्वतःची हरकत निराळी होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. खोलीतल्या डाव्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. प्रज्ञेशने ती यथादर्शनाच्या नियमाने काढली, म्हणजे भिंत जशी लांब जाते तशी चौकट निमुळती, वरची कड खाली उतरणारी, खालची वर चढणारी.

"तसबीर तिरकी का?"

"तिरकी नाही बाबा. इथून बघितलं की तशीच दिसते."

"मी इथूनच बघतोय. मला सरळ दिसते."

"तुम्हाला ती सरळ आहे हे माहीत आहे, म्हणून. डोळ्याला…"

"चाळीस वर्षं मी ती तसबीर लेव्हल लावून टांगतोय," सुहासराव म्हणाले. "समारंभाला सगळा समाज येणार. लोक म्हणतील, सुहासच्या घरात बाबासाहेबांची तसबीर वाकडी."

शेवटी चित्रात भिंत तिरकी, खिडकी तिरकी, टीपॉय तिरका आणि मधोमध ती एक तसबीर सरळ, नाकासमोर, जणू ती भिंतीवर नसून हवेत उभी आहे. कुठल्याही भौतिकशास्त्राच्या नियमाने ती तिथे राहू शकत नव्हती. सुहासरावांनी लांबून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "आता खोली खरी वाटते."

अशा रीतीने ऑगस्ट उजाडला तेव्हा चित्र बहुतेक झालं होतं आणि अजिबात वाळलं नव्हतं.

प्रज्ञेशने सगळं नियमाने केलं होतं. तैलरंगाचा पहिला नियम असा, की वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जास्त तेलाचा हवा, नाहीतर चित्र तडकतं. त्याने थराथराला तेल मोजून वाढवलं. चेहरा सर्वांत शेवटी, म्हणून चेहऱ्यात सर्वांत जास्त. इतकं वापरूनही बाटलीतलं तेल मानेच्या खाली उतरलं नव्हतं, आणि याचं श्रेय तो स्वतःच्या काटेकोरपणाला देत होता. एकूणात घरात तेवढी एकच गोष्ट त्याच्या मनासारखी चालली होती. नाही म्हणायला जेवणही छान होत होतं. त्या महिन्यात चटणीला काय चव आली होती कोण जाणे, सुहासराव एक भाकरी जास्त खात होते.

लोणावळ्यात पावसाळ्यात काहीच वाळत नाही, हे मान्य. मिठाचं पाणी होतं, पापड वाकतात, चपला कपाटात ठेवल्या तर त्यांना दाढी येते. पण पंधरा दिवसांत बोटाला न लागण्याइतकी पापडी धरायला हवी होती. प्रज्ञेश रोज करंगळी टेकवायचा आणि करंगळी रोज आईच्या रंगाची व्हायची. त्याने दमटपणा मोजला, तापमान मोजलं, पंखा किती अंतरावर ठेवायचा ते ठरवलं. चित्रातल्या साडीचा काठ जरा खाली सरकला, एवढाच पंख्याचा परिणाम.

मग सल्ले आले. नंदाबाईंनी बांबूचं डालगं आणून दिलं. पावसाळ्यात खाली निखाऱ्याची शेगडी आणि वर डालगं पालथं घालून त्यावर कपडे वाळवायचे, ही तिथल्या घराघरांतली रीत.

"आमच्या समद्या पोरांची लंगुटं ह्याच्यावर वाळल्यात. तुजी आई काय जड हाय व्हय."

तासाभराने चित्रातल्या आईला धुराचा वास येऊ लागला आणि तिची हनुवटी उबेने किंचित उतरली. त्यामुळे चेहऱ्यावर असा एक भाव आला, की तिला काहीतरी कळलं आहे पण ती सांगणार नाही. प्रज्ञेशला तो भाव आवडला, पण तो त्याने काढलेला नव्हता.

गेट आणि शटर रंगवणाऱ्या हनुमंतभाऊंनी थिनर सुचवलं. "एक हात मारतो, दोन तासांत कडक. ट्रक गेला तरी डाग पडणार नाही." प्रयोग म्हणून चित्राच्या कोपऱ्यातल्या कॅलेंडरवर एक हात मारला. कॅलेंडर नाहीसं झालं आणि त्यामागची भिंतही, आणि भोकातून कोरा कॅनव्हास बाहेर आला. हनुमंतभाऊंनी ते भोक बघितलं आणि म्हणाले, "हा रंगच खोटा आहे."

एका संध्याकाळी उजेड बघून पंखवाल्या मुंग्या आल्या. लोकांच्या घरात त्या दिव्याखाली पडतात, इथे त्या आईवर बसल्या आणि उठल्या नाहीत. प्रज्ञेश भिंग आणि चिमटा घेऊन बसला. सगळ्या निघाल्या. एक निघेना, कारण तिच्याबरोबर कपाळ निघत होतं. ती तशीच ठेवली. लांबून टिकली वाटायची.

इकडे समारंभ आरोग्य केंद्राच्या हॉलमध्ये, त्यामुळे चित्र तिथे ठेवायला लेखी परवानगी हवी, असं कुणीतरी सांगितलं. प्रज्ञेश कार्यालयात गेला. टेबलामागे ओंकार नावाचे लिपिक होते, वागायला अतिशय सभ्य. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"शासकीय इमारतीत तैलचित्र लावायचं तर परवानगी असलेल्या व्यक्तींचंच लावता येतं," ते म्हणाले.

"लावायचं नाही, तासभर ठेवायचंय."

"ठेवण्याचा वेगळा नियम नाही. त्यालाही लावण्याचाच लागेल." त्यांनी जरा विचार केला. "कर्मचारी दिवंगत आहेत का? मग सोपं आहे. स्मृतिचित्र म्हणून घेता येतं."

"नाही, आई आहे. घरी आहे."

ओंकाररावांनी सहानुभूतीने मान हलवली. "मग अवघड आहे."

आई असणं ही अडचण आहे, असं प्रज्ञेशला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा बघून ओंकाररावांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मोबाइलवरचा चित्राचा फोटो मागितला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात खुर्ची आहे ना?" परवानगी मिळाली ती अशी: 'समारंभाकरिता बाहेरून आणावयाचे तात्पुरते साहित्य: खुर्ची, एक, रंगीत.'

चौकटीसाठी बाजारातल्या अंबाजींकडे जायचं ठरलं. चित्र ओलं, त्यामुळे ते अंगापासून लांब, ताटासारखं आडवं धरून दोघा बापलेकांनी रिक्षातून नेलं, वर छत्री आईवर. रस्त्यात दोघा वाटसरूंनी थांबून हात जोडले. अंबाजींनी चित्र पाहिलं, टोपी काढली आणि मापं घेतली.

"तारखा सांगा," ते हळू आवाजात म्हणाले.

"कसल्या?"

"खाली पितळी पट्टी येते ना. जन्म आणि…"

"ती घरी आहे. भाजी निवडतेय," सुहासराव म्हणाले.

"असं होय," अंबाजी म्हणाले. "मग दुसऱ्या तारखेची जागा कोरी सोडतो."

काच लावू नका, हे प्रज्ञेशने चार वेळा सांगितलं आणि अंबाजींनी काच लावली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. बाकी चौकट त्यांनी नेहमीच्या हाताने केली. वर हाराचा हूक होता आणि एक लहान लाल बल्ब.

निरोपाचा दिवस आला. हॉल भरला होता. वाड्यावस्त्यांवरून बाया आल्या होत्या, कडेवर लेकरं घेऊन, त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतः एकेकाळी सविताताईंच्या हातात पडलेल्या. व्यासपीठावर टेबल, टेबलावर चित्र, शेजारी समई. बल्ब प्रज्ञेशने काढून टाकला होता, हूक निघाला नाही. आईसाठी मधोमध खुर्ची राखलेली होती. ती रिकामी होती, कारण केटरिंगची माणसं एकाने कमी आली होती आणि आई मागच्या बाजूला सामोशांचा ट्रे घेऊन फिरत होती. प्रज्ञेश दोनदा तिला आणायला गेला. "एवढी रांग झाली की आले," ती दोन्ही वेळा म्हणाली.

प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक माननीय येणार होते. त्यांचा हा दिवसातला पाचवा कार्यक्रम. ते उशिरा आले, घाईने आले, आणि मोबाइल कानाला लावून आले. समोर त्यांना दिसलं ते असं: समई, चौकट, हूक, धूसर हिरवट-निळ्या साडीतली एक शांत बाई, आणि राखून ठेवलेली रिकामी खुर्ची. त्यांनी फोन खिशात टाकला. चपला काढल्या. कुणीतरी सत्कारासाठी आणलेला झेंडूचा जाड हार ताटातून उचलून चित्राला घातला, नीट बसावा म्हणून दोन्ही हातांनी दाबला, आणि माइकसमोर उभं राहून जड आवाजात म्हणाले, "सविताताई आज आपल्यात नाहीत."

हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं. पण माननीयांना मध्ये तोडायचं कुणी, हा प्रश्न होता. केंद्राचे डॉक्टर लिपिक ओंकाररावांकडे बघत होते, ओंकारराव हजेरीपटाकडे. "दोन मिनिटं शांतता पाळूया," माननीय म्हणाले, आणि सगळे उठून उभे राहिले. खुर्च्यांचा आवाज थांबला. मागे भिंतीशी, हातात सामोशांचा ट्रे घेऊन, आईही मान खाली घालून उभी होती. सगळे उभे आहेत म्हटल्यावर तिने कारण विचारलं नाही. प्रज्ञेशने त्या दोन मिनिटांत फक्त तिच्याकडे पाहिलं. हा विसावा फोटो झाला असता.

शांतता संपल्यावर येसूबाई उठल्या. "सायेब, आमची नर्सबाई मागं उबी हाय. सामोसं वाटतीया."

पुढचं सगळं फार भराभर झालं. माननीय दिलगीर झाले, हसले, शाल मागवली, आणि झाली चूक दुरुस्त करावी म्हणून स्वतःच्या हाताने चित्रावरचा हार ओढून काढला. हाराबरोबर चेहरा आला. व्हर्नियरने मोजलेलं नाक एका झेंडूवर, हनुवटी दुसऱ्यावर, मुंगी तिसऱ्यावर. तोच हार, दुसरा नव्हता म्हणून, त्यांनी सविताताईंच्या गळ्यात घातला. तिच्या पांढऱ्या नव्या साडीवर तिचा चेहरा ठिकठिकाणी उमटला. टाळ्या झाल्या.

घरी आल्यावर प्रज्ञेशने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि तो खिडकीत जाऊन उभा राहिला. आईने साडी बदलली, सत्कारात मिळालेले नारळ फळीवर रचले, माठ भरला. मग तिने चित्र उलटं करून पाहिलं. खुर्ची होती, खिडकी होती, सरळ तसबीर होती, कोंबडीची सतरंजी होती. गळ्याच्या वर काही नव्हतं. खाली मांडीवर दोन हात होते, एकावर एक, मोकळे.

"हात छान आलेत," आई म्हणाली.

ती वेताच्या खुर्चीत बसली. कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेर नंदाबाईंची म्हैस ओरडत होती. बराच वेळ ती तशीच होती, चित्रातल्यासारखी, आणि हातात काही नव्हतं.

"उद्या सकाळी उठून जायचं कुठं, तेच कळत नाहीये मला," ती म्हणाली. आवाज साधाच होता. थोड्या वेळाने म्हणाली, "तू तोंड परत काढ. मी बसते. आता मला वेळच आहे."

"काढून काय उपयोग आई. वाळतच नाही ते. मी सगळं बरोबर केलं. तेल मोजून घातलं, एक थेंब इकडचा तिकडं नाही."

"तेलाची काळजी तू करू नकोस. तुझी बाटली मी कधी कमी पडू दिली का? बाबांच्या चटणीवर दोन चमचे घेतले की तेवढं लगेच परत भरून ठेवायचे. कधी दोन, कधी चार. तुला कळलंसुद्धा नसेल."

प्रज्ञेशने तिच्याकडे पाहिलं, मग सुहासरावांकडे पाहिलं. सुहासराव वर्तमानपत्रात गेले. कुठल्या तेलाने भरलं, हे त्याने आईला विचारलं नाही. ती बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने बाटलीतलं थोडं तेल एका छोट्या कुपीत घेतलं आणि आंबीला गेला. दारात दोन टँकर उभे होते. त्यांना थांबवून त्याने आधी कुपीतला नमुना लावला, आणि खात्री असावी म्हणून दोनदा लावला. दोन्ही वेळा आकडा एकच आला, आणि तो जवसाचा नव्हता.

आयोडीन मूल्य: सत्त्याण्णव.